शिडाच्या होडीत प्रोपेन शेगडी बसवायची आहे, सल्ला हवा

शीडवेडा:
होडी ३० फुटी. गॅलीतली (होडीच्या स्वयंपाकघरातली) जुनी स्पिरिटची शेगडी काढून दोन बर्नरची प्रोपेन शेगडी गिंबलवर, म्हणजे होडी कलली तरी शेगडी सपाट ठेवणाऱ्या झुलत्या आधारावर, बसवायची आहे. ओव्हन नको. बजेट बेताचं आहे, त्यामुळे कुठे पैसे वाचतील आणि कुठे वाचवू नयेत ते सांगा. सिलिंडर कॉकपिटमधल्या (सुकाणूजवळच्या उघड्या बसायच्या जागेतल्या) बाकाखालच्या कप्प्यात ठेवायचा विचार आहे.

दर्यासारंग:
ओव्हनवालीच घ्या. खाली ओव्हनचं वजन असलं की शेगडी संथ झुलते. नुसती दोन बर्नरची शेगडी हलकी असते, तिच्यावर भरलेलं पातेलं ठेवलं की गुरुत्वमध्य खिळीच्या (जिच्यावर शेगडी झुलते तिच्या) वर जातो आणि ती कलंडते. ओव्हन स्वस्त नाही, पण पुन्हा पुन्हा कोण बसवतंय?

भरतीओहोटी:
शेगडी नंतर, आधी कप्प्याचं बघा. प्रोपेन हवेच्या दीडपट जड आहे. गळला तर खाली बिल्जमध्ये, म्हणजे होडीच्या तळाच्या पोकळीत, साचतो, आणि हवेत २ टक्क्यांच्या थोडा वर गेला की ठिणगी पुरते. बाकाखालचा कप्पा सहसा आतून केबिनला उघडा असतो, तसा असेल तर तो बाद. सिलिंडरचा कप्पा केबिनच्या बाजूने पूर्ण हवाबंद, झाकण वरून उघडणारं आणि अगदी तळातून बाहेर निचरा. निचऱ्याची नळी आतून किमान १३ मिमी, सलग उताराची. मध्ये झोळ पडला की तिथे पाणी साचतं आणि गॅसची वाट बंद. बाहेरचं तोंड होडी कललेली असतानाही पाण्याच्या वर राहिलं पाहिजे आणि खिडकी, हॅच (डेकवरचं झाकणाचं तोंड) वगैरेंपासून किमान ५०० मिमी लांब.

वायरमन:
लिथियम बॅटरी आणि इंडक्शन घ्या, गॅसची कटकटच संपली.

नांगरगडी:
@वायरमन, बजेट वाचलंत का? १८०० वॉटची इंडक्शन १२ व्होल्टवर इन्व्हर्टरमधून १६० अँपियरच्या वर ओढते. त्यापुढे बॅटरी, जाड केबल, चार्जिंग.
@शीडवेडा, क्रम असा ठेवा: सिलिंडर, प्रेशर गेज, रेग्युलेटर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या बटणाने गॅस चालू-बंद करणारा). हे सगळं कप्प्यातच. तिथून शेगडीपर्यंत एकच अखंड होज (लवचिक नळी), वाटेत एकही सांधा नको. कप्प्याच्या भिंतीतून होज जातो तिथे गॅसबंद ग्लँड, म्हणजे होजभोवतीची फट बंद करणारं बूच. रेग्युलेटरचा दाब शेगडीच्या पाटीवर लिहिला असेल तोच हवा, ३० मिलिबार किंवा ३७. फ्लेअर सांध्यांना (नळीचं तोंड पसरवून नटने आवळलेल्या) टेप लावू नका. तिथे धातूवर धातू बसूनच सील होतं, टेपने उलट गळतं.

वायरमन:
बॅटरी एकदाच घ्यायची असते.

खारावारा:
+१ कप्प्याला. निचरा तळातूनच. गॅस अलार्मचा सेन्सर खाली लावा, पण बिल्जचं पाणी उडेल इतका खाली नको. लेड-ॲसिड बॅटरीशेजारीही नको, चार्जिंगच्या हायड्रोजननेही तो वाजतो आणि मग लोक वैतागून बंदच करून टाकतात.

भरतीओहोटी:
अलार्मपेक्षा गेज महत्त्वाचा. चाचणी अशी: शेगडीचे नॉब बंद, सोलेनॉइड चालू, सिलिंडर उघडून पुन्हा बंद. काटा १५ मिनिटं जागचा हलता कामा नये. सोलेनॉइड चालू करायला विसरलात तर फक्त त्याच्या अलीकडचीच चाचणी होते आणि होज, शेगडी तशीच राहते. काटा उतरला तर साबणाच्या पाण्याने सांधे बघा. अमोनियावालं क्लीनर मात्र वापरू नका, पितळेला तडे जातात.

दर्यासारंग:
गेज आणि अलार्म दोन्ही हवेत, यात वाद कसला? आणि ओव्हनचा विचार करा.

शीडवेडा:
तपासलं. बाकाखालचा कप्पा आतून उघडाच आहे आणि नवा हवाबंद कप्पा बांधणं बजेटबाहेर. म्हणून सिलिंडर मागच्या रेलिंगला बाहेरून, उभा बांधणार. गळला तर थेट समुद्रात. गेज, रेग्युलेटर, सोलेनॉइड तिथेच. शेगडी दोन बर्नरचीच, ओव्हन नाही.

नांगरगडी:
चालेल, पण स्टीलचा सिलिंडर तिथे गंजेल. ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा घ्या. सोलेनॉइड समुद्रावर वापरायच्या दर्जाचाच हवा. सिलिंडरखाली हॅच किंवा व्हेंट येत नाही ना, बघा. गिंबलची खिळी बर्नरच्या वर असलेलीच शेगडी निवडा, म्हणजे दर्यासारंग म्हणतात तो कलंडण्याचा धोका बराच कमी होतो. प्रत्येक बर्नरला थर्मोकपल (ज्योतीची उष्णता ओळखणारा सेन्सर) हवंच, वाऱ्याने ज्योत विझली की गॅस आपोआप तुटतो. होज दोन्ही बाजूंना पूर्ण झुलवून बघा, कुठे ताणत किंवा घासत नाही ना.

शीडवेडा:
खिळी वर असलेलीच बघतोय. पैसे शेगडीच्या दिखाव्यात वाचवीन, होज आणि सोलेनॉइडमध्ये नाही.

वायरमन:
पुढच्या वर्षी इंडक्शनचा धागा काढाल तेव्हा बोलू.