गरिबांच्या घरांमुळे फॅनी-फ्रेडी बुडाल्या, हे मला मान्य नाही

ओवी_जर्सी:
काल मंडळाच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "गरिबांना कर्ज मिळावं म्हणून सरकारने फॅनी मे आणि फ्रेडी मॅकवर टार्गेटं लादली, म्हणून २००८चं आर्थिक संकट आलं. आता कंपन्या सरकारच्या ताब्यातून सोडवा आणि टार्गेटं गुंडाळा." (या दोन अमेरिकन कंपन्या बँकांकडून घरकर्जं विकत घेतात आणि त्यांचे रोखे करून हमीसह विकतात.) खाली अंगठ्यांची रांग. माझ्या डोक्यातून जाईना.

१९९२च्या कायद्याने हाउसिंग खात्याला टार्गेटं ठरवायला सांगितलं आणि दोन्ही कंपन्यांच्या भांडवलावर लक्ष ठेवायला ओफेओ ही देखरेख संस्था आणली. टार्गेटांवर सगळे बोलतात, भांडवलावर कुणीच नाही. हमी दिलेल्या रोख्यांमागे स्वतःचं भांडवल किमान किती ठेवायचं? ०.४५ टक्के. १०० डॉलरला ४५ सेंट! फ्रेडीच्या हिशेबातले घोटाळे २००३ मध्ये उघडे पडले, फॅनीचे २००४ मध्ये. बोनस मिळावेत म्हणून नफ्याचे आकडे फिरवले, असं ओफेओनेच लिहिलं. २००६ मध्ये फॅनीला ४० कोटी डॉलर दंड झाला. यात गरीब कुठे आला?

हिशेबनीस:
ताई, तुम्ही हे वाचलंय, मी ते केलंय. तेव्हा मी एका कर्ज कंपनीत अंडररायटर होतो, म्हणजे कर्जाचे अर्ज तपासणारा. घेतलेल्या कर्जांत कमी-मध्यम उत्पन्नवाल्यांचा वाटा किती हवा, ते टार्गेट २००१ मध्ये ५० टक्के झालं, २००८ला ५६. सफाईकाम करणाऱ्या एका माणसाच्या फायलीत महिन्याचं उत्पन्न ९ हजार डॉलर लिहिलेलं, पुरावा शून्य. मी फाइल अडवली. साहेब म्हणाले, पुढे सरकव. त्या माणसाचं घर दोन वर्षांत गेलं. अशाने गरिबाचं भलं होतं?

ओवी_जर्सी:
ती फाइल फॅनीकडे गेली, की वॉल स्ट्रीटच्या बँकांनी बनवलेल्या खाजगी रोख्यांत?

हिशेबनीस:
वॉल स्ट्रीटकडे. बरं, एवढं मान्य. पण तसलेच रोखे फॅनी-फ्रेडीने विकत घेतले आणि टार्गेटात मोजले, हे तुम्हीही मान्य करा.

ओवी_जर्सी:
करते. तेच तर म्हणतेय, देखरेख करणारे काय करत होते?

तिसरा_मजला:
२००८ पुरे झालं, आजचं बोला. माझा काँडो, म्हणजे बिल्डिंगमधला मालकीचा फ्लॅट, आठ महिने विकला जात नाहीये. तीन गिऱ्हाइकं आली, तिघांचीही कर्जं नाकारली. का, तर आमची बिल्डिंग फॅनीच्या यादीत 'अपात्र'. इथलं कर्ज फॅनी विकत घेत नाही, म्हणून बँकही देत नाही. ती यादी बँकांना दिसते, आम्हाला नाही! दुरुस्तीनिधीत बजेटच्या १० टक्के टाकले नाहीत म्हणे. घर आमचं आणि शिक्का मारणार कोण?

काँक्रीटवाला:
मारलाच पाहिजे. फ्लोरिडात सर्फसाइडला जून २०२१ मध्ये काँडोची इमारत कोसळली, ९८ माणसं गेली. तीन वर्षं आधी इंजिनिअरने स्विमिंग पुलाखालच्या स्लॅबबद्दल लिहून दिलं होतं. त्यानंतरच हे नियम कडक झाले. माझं आयुष्य खांब तपासण्यात गेलंय. वर्गणी वाढवू नका म्हणून बोंबलणारे आधी तुमच्यासारखेच असतात.

तिसरा_मजला:
तोंड सांभाळून बोला. मला ओळखता तरी का तुम्ही?

काँक्रीटवाला:
तुम्हाला ओळखायची गरज नाही. पार्किंगमधल्या खांबांचं लोखंड उघडं पडलंय का, एवढंच सांगा.

तिसरा_मजला:
पडलंय. माझ्या गाडीशेजारच्या खांबाचं सिमेंट वीतभर सुटलंय, आत गंजलेली सळई दिसते. पाऊस आला की बोनेटवर तांबडं पाणी ठिबकतं. मी तिथे बादली ठेवतो.

काँक्रीटवाला:
मग यादीने तुमचं नुकसान केलं नाही, पुढच्या घेणाऱ्याला वाचवलं. बादली ठेवू नका, इंजिनिअर बोलवा.

ओवी_जर्सी:
खांबाचं पटलं. पण यादी लपवायची कशाला? इथे काँडो म्हणजे नव्या जोडप्याच्या आवाक्यातलं पहिलं घर. सप्टेंबर २००८ पासून दोन्ही कंपन्या एफएचएफए या सरकारी नियामक संस्थेच्या ताब्यात आहेत, म्हणजे आपल्याच. स्वस्त घरांच्या फंडासाठी घेतलेल्या कर्जांच्या १०० डॉलरमागे ४.२ सेंट बाजूला काढायचे, असं त्याच वर्षीच्या कायद्यात लिहिलं. लगेच ते थांबवलंही. राज्यांना पहिला पैसा मिळाला २०१६ मध्ये. आणि खापर गरिबांवर!

हिशेबनीस:
फंड राहू द्या, माझी हरकत नाही. टार्गेटांना आहे, आणि राहील. कंपन्या सोडायच्याच असतील तर आधी भांडवल भरा, ४५ सेंटवर पुन्हा नाही. एवढ्यापुरता मी तुमच्या बाजूने.

तिसरा_मजला:
गुरुवारी आमच्या बोर्डाची मीटिंग आहे. दुरुस्तीसाठी घरटी १८ हजार डॉलर मागतायत. मी होकारासाठी हात वर करणार. पण समोरच्या दारातल्या आजी पेन्शनवर एकट्या राहतात, त्यांना या बिल्डिंगवर कर्ज कोणती बँक देणार?