मदत हवी आहे: रोज कामावर जाण्यासाठी आणि रविवारी सड्यावर हिंडण्यासाठी एकच सायकल

सड्यापलीकडे
नमस्कार. मला येत्या आठ-दहा दिवसांत सायकल घ्यायची आहे, आणि महिनाभर वाचून व विचारून निर्णय सोपा होण्याऐवजी अधिकच अवघड झाला आहे. सायकल रोज रत्नागिरीत कामावर जाण्यायेण्यासाठी हवी आहे. रविवारी तीच घेऊन सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारावरच्या, पायवाटांनी आणि जांभ्याच्या कच्च्या रस्त्यांनी हिंडायचे आहे, आणि एकदा तरी पूर्णगडावरून पुढे कशेळीचे हत्तीचे कातळशिल्प पाहून यायचे आहे. एका दुकानदारांनी पुढे धक्के शोषणारे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक सुचवली, दुसऱ्यांनी हायब्रिड, म्हणजे रस्त्यावरची सायकल आणि माउंटन बाइक यांच्या मधली, सांगितली, आणि दोघांनीही दुसरी घेतलीत तर पस्तावाल असे बजावले. दोन सायकली घेणे शक्य नाही. सायकल चालवण्याचे फायदे मला ठाऊक आहेत, त्यामुळे नेमकी कोणत्या प्रकारची घ्यावी एवढेच कृपया सांगावे.

खाडीकाठ
ताई, उत्तर द्यायला मनापासून आवडेल, परंतु आपण दिलेल्या माहितीवर कोणी नेमके उत्तर दिले तर ते अंदाजाने दिलेले असेल. रोजचे अंतर किती आहे, वाटेत चढ कोठे आणि केवढा आहे, आपली उंची किती, सोबत सामान किती असते, पावसाळ्यात सायकल चालवणार की चार महिने ठेवून देणार, आणि खर्चाची मर्यादा काय, हे कळल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

जुना पेडल
मी या किनाऱ्यावर अकरा वर्षे सायकल चालवत आहे आणि माझे मत स्पष्ट आहे. माउंटन बाइक घ्यावी, साडेसत्तावीस इंची चाकाची. आपल्याकडचे रस्ते पहिल्या पावसानंतर कसे होतात ते सर्वांना माहीत आहे. हायब्रिडचे बारीक टायर खड्ड्यात आपटले की रिम वाकते, आणि सड्यावरच्या कातळावर ती सायकल हातांना झिणझिण्या आणते. रोजच्या डांबरासाठी हवे तर खाचा नसलेले गुळगुळीत टायर बसवावेत. मी स्वतः तसेच करतो.

सड्यापलीकडे
उत्तरांबद्दल आभार. अंतर एका बाजूला सुमारे बारा किलोमीटर आहे. गोळपच्या बाजूने फणसोप, भाट्ये पूल आणि मग शहर असा रस्ता आहे. पावसाळ्यातही चालवणार आहे. डबा, लॅपटॉप आणि पावसात एक कपड्यांचा जोड एवढे सामान असते. खर्च 35,000 रुपयांपर्यंत करता येईल. चढ म्हणाल तर नेहमीचाच आहे.

भाट्ये पूल
आपण ज्याला नेहमीचा चढ म्हणता आहात, तोच या सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सकाळी आपण सड्यावरून खाडीच्या पातळीवर उतरता, त्यामुळे दुकानाबाहेरच्या सपाट रस्त्यावर आणि सकाळच्या फेरीत कोणतीही सायकल चांगलीच वाटेल. संध्याकाळी मात्र दिवसभराचा थकवा आणि पाठीमागचे सामान घेऊन तोच उतार चढायचा असतो. सायकल कोणत्या नावाने विकली जाते यापेक्षा तिचा सर्वांत हलका गिअर कोणता, हे आधी पाहावे.

हिशेब सोपा आहे. पुढच्या चक्राचे दाते भागिले मागच्या चक्राचे दाते. पुढे 46 दात्यांचे एकच चक्र आणि मागे सर्वांत मोठे 28 दात्यांचे असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक 1.64 वेळा फिरते. हायब्रिडच्या 700 मापाच्या चाकाचा घेर साधारण 2.2 मीटर धरला तर सायकल साडेतीन मीटरहून अधिक पुढे जाते, आणि मिनिटाला साठ फेरे मारायचे म्हटले तर ताशी जवळपास 13 किलोमीटरचा वेग ठेवावा लागतो. दमलेल्या माणसाला खड्या चढावर ते झेपत नाही. पेडल जड होते, फेरे कमी पडतात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. तेच पुढे 28 आणि मागे 34 असेल, तर साठ फेऱ्यांना ताशी साडेसहा किलोमीटर पुरतात आणि ताकद निम्मीच लागते. वेळ थोडा अधिक जातो, परंतु माणूस न उतरता वर पोहोचतो. म्हणून पुढे 48-38-28 अशी तीन चक्रे आणि मागे 32 किंवा 34 दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) असलेली हायब्रिड मी सुचवेन.

मागे कॅसेट आहे की आटे फिरवून बसवलेले जुन्या पद्धतीचे फ्रीव्हील, हेही दुकानात विचारून घ्यावे. फ्रीव्हीलच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, उजवीकडचे बेअरिंग बरेच आतल्या बाजूला असते, त्यामुळे सामान लादून खड्ड्यांतून जाताना मागचा आस वाकण्याची शक्यता वाढते.

जुना पेडल
गिअरचा हिशेब मान्य आहे, परंतु तो हिशेब माउंटन बाइकच्या बाजूनेच जातो, कारण तिची पुढची चक्रे हायब्रिडपेक्षाही लहान असतात. शिवाय सस्पेन्शनबद्दल आपण एक शब्दही लिहिला नाही.

भाट्ये पूल
सस्पेन्शनबद्दल लिहिले नाही, कारण या किमतीत मिळणारा सस्पेन्शन फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) आपल्या हवेत मला उपयोगाचा वाटत नाही. त्यात साध्या लोखंडी स्प्रिंगा असतात, वजन साध्या फोर्कपेक्षा किलोभराने तरी वाढते, आणि चढावर उभे राहून पेडल मारले की निम्मा जोर फोर्क दाबण्यातच जातो असे वाटू लागते. माझ्या आधीच्या सायकलीचा फोर्क दुसऱ्या पावसाळ्यानंतर अडकला. वरचे रबर सरकवून पाहिले तेव्हा नळीवर नखाएवढे गंजाचे फोड आले होते आणि आत तांबड्या मातीचा चिखल बसला होता. तो फोर्क उघडून देणारा कारागीर मला जवळपास सापडला नाही. त्यानंतर मी साधा फोर्क आणि रुंद टायर यांवर आलो आहे. 700 बाय 40, म्हणजे 40 मिलिमीटर रुंद टायरमध्ये 45 पीएसआयच्या आसपास हवेचा दाब ठेवला, तर जांभ्याच्या रस्त्यावरचा बराचसा धक्का टायरच गिळतो.

जुना पेडल
फोर्क पुसून ठेवला तर गंजत नाही. माझा चौथ्या वर्षीही व्यवस्थित चालतो. देखभालीचा कंटाळा हा सायकलीचा दोष म्हणून सांगू नये.

डोंगरवाट
मी पुण्याचा आहे, परंतु आजोळ गुहागरकडचे असल्याने दर वर्षी सायकल घेऊन खाली उतरतो. आपणा दोघांच्या वादात ग्रॅव्हल सायकलीचे नावच आलेले नाही, याचे आश्चर्य वाटते. खाली वळलेले हँडल, 40 मिलिमीटरचे टायर, डिस्क ब्रेक आणि कॅरिअर लावण्याची सोय, म्हणजे ताईंना हवे ते सगळे एका सायकलीत आहे. पुलावर समोरून वारा असतो तेव्हा वाकून चालवता येण्याचे महत्त्व कळते. थोडे पैसे साठवून सहा महिन्यांनी घेतली तरी हरकत नाही.

खाडीकाठ
ताईंनी आठ-दहा दिवस आणि 35,000 रुपये असे दोन्ही स्पष्ट सांगितले आहे, त्यामुळे सहा महिने थांबण्याचा सल्ला त्यांच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. पुलावरचा वाराही बहुतेक वेळा समुद्राकडून, म्हणजे बाजूने येतो. तिथे वाकून फारसा फरक पडत नाही, हँडल घट्ट धरून एका रेषेत राहणेच महत्त्वाचे असते.

सागरमार्ग
या वयात मी विजेची सायकल घेतली आणि तिने आयुष्य बदलले असे म्हणेन. अडीचशे वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरनंतर बंद होणारे साहाय्य असेल तर नोंदणीही लागत नाही. चढाचा प्रश्नच उरत नाही. सुट्टीत जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरून गुहागरच्या बाजूला जावे. बोटीत सायकल सहज नेता येते आणि खाडीला वळसा घालण्याचे अंतर वाचते. तो प्रवास प्रत्येकाने एकदा तरी करावा.

सड्यापलीकडे
काका, फेरीबोटीची कल्पना फार आवडली, ती नक्की अमलात आणेन. विजेच्या सायकलीबाबत मात्र अडचण आहे. आमचे घर रस्त्यावर नाही. रस्त्यापासून खाली पाखाडी आहे, बेचाळीस पायऱ्यांची, आणि सायकल रोज पडवीत आणून ठेवावी लागणार आहे. वर रस्त्यालगत ठेवायला जागा नाही. हे आधी सांगायला हवे होते का?

खाडीकाठ
ताई, हे सर्वांत आधी सांगायला हवे होते. रोज दोनदा बेचाळीस पायऱ्या, त्याही पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या, म्हणजे सायकलीचे वजन हा आता पहिला मुद्दा झाला. विजेची सायकल बहुधा वीस किलोच्या वर जाते, ती बाद. साध्या फोर्कची ॲल्युमिनियमची हायब्रिड बारा-तेरा किलोत मिळते. सस्पेन्शनची माउंटन बाइक या किमतीत पंधराच्या आसपास जाते, आणि वरचा दांडा फार तिरका असेल तर ती खांद्यावर नीट बसतही नाही. दुकानात चालवून पाहण्याआधी सायकल खांद्यावर उचलून दहा पावले चालून पाहा. आपली उंची अजूनही कळलेली नाही.

सड्यापलीकडे
उंची पाच फूट तीन इंच आहे. एका दुकानात एम माप शिल्लक होते. सीट खाली केली की जमेल असे ते म्हणाले.

अबोली
ताई, या एका गोष्टीत कृपया कोणाचे ऐकू नका. माझी उंची जवळपास तुमच्याएवढीच आहे आणि मी नेमकी हीच चूक करून दोन वर्षे मानदुखी सोसली आहे. सीट खाली केल्याने पाय टेकतात, परंतु सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर तेवढेच राहते; त्यामुळे आपण सतत पुढे ताणलेल्या राहतो आणि सगळा भार तळहातांवर व मानेवर येतो. कच्च्या वाटेवर अचानक दोन्ही पाय खाली टेकावे लागतात, तेव्हा वरचा दांडा आणि आपण यांच्यामध्ये दोन-तीन बोटे तरी मोकळी जागा हवी. एस माप मागवून घ्या आणि पंधरा दिवस लागले तरी थांबा.

आणखी एक, जे मला कोणी सांगितले नव्हते. चाकाचा व्हॉल्व्ह मोटारसायकलला असतो तसाच आहे ना, ते पाहून घ्या. बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोलपंपावरची हवा जोडणीशिवाय भरता येत नाही. पावसकडून येताना भर उन्हात मी सायकल हातात धरून तीन किलोमीटर चालले आहे, म्हणून आवर्जून सांगते.

डोंगरवाट
वजन आणि उंची पाहता ग्रॅव्हलचा आग्रह मी मागे घेतो. ब्रेक मात्र हायड्रॉलिकच घ्यावेत. आपल्या खाऱ्या हवेत उघड्या केबल आतून गंजतात आणि लिव्हर जड होतो. हायड्रॉलिकमध्ये तेल बंद नळीत असते.

भाट्ये पूल
बंद नळीचा फायदा खरा आहे. परंतु ती नळी कधी गळली तर ब्लीड करणारा, म्हणजे नळीतली हवा काढून तेल भरणारा, माणूस गाठावा लागेल, आणि केबल मात्र ताई स्वतः अर्ध्या तासात बदलू शकतील. बजेटात दोन्ही मिळत असतील तर हायड्रॉलिक घ्या, पण केवळ त्यासाठी गिअरमध्ये तडजोड करू नका. ब्रेक कोणतेही असोत, रत्नागिरीत जून ते सप्टेंबर या काळात 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तांबड्या मातीचे पाणी डिस्कवर सतत उडते. त्या काळात रेझिनचे पॅड फार लवकर झिजतात. गोळपचा उतार रोज उतरणार आहात, तेव्हा दर आठवड्याला पॅड पाहावेत आणि एक जोडी घरात ठेवावी.

अबोली
गंजाबद्दल माझेही दोन शब्द. शुक्रवारी भिजलेली साखळी तशीच ठेवली तर सोमवारी सकाळी ती नारिंगी झालेली असते, हे मी स्वतः पाहिले आहे. घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पुसून, पावसाळ्यात साखळीला दाटसर वेट ल्यूब (न धुपणारे तेल) आणि उन्हाळ्यात कोरडे ल्यूब वापरावे. उन्हाळ्यात दाट तेलाला धूळ चिकटून त्याची खरड होते आणि दाते झिजतात. सीटची नळी महिन्यातून एकदा बाहेर काढून तिला ग्रीस लावावे. खारटपणामुळे ती फ्रेममध्ये अशी धरते की मग कापूनच काढावी लागते. नळी काढली की सायकल उलटी करून पाहा. माझ्या फ्रेममधून पहिल्या पावसाळ्यात जवळजवळ पेलाभर तांबडे पाणी निघाले होते.

जुना पेडल
पाखाडीचे कळल्यावर मीही माझे मत बदलतो. रोज ती सायकल खांद्यावर घेणे मला स्वतःलाही जमले नसते. फक्त हायब्रिड घेताना फ्रेममध्ये किती रुंद टायर बसतो ते अवश्य विचारा. पुष्कळ हायब्रिडमध्ये 35 च्या पुढे जागाच नसते, आणि वर मडगार्ड लावायचे म्हटले की तीही उरत नाही. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये पेन्सिल आडवी जायला हवी, नाहीतर जांभ्याचा एक खडा अडकला की चाक जाम होते.

सड्यापलीकडे
आज दोन दुकाने पाहून आले. पहिल्या ठिकाणची फ्रीव्हीलची निघाली, ती सोडून दिली. दुसऱ्या ठिकाणी साध्या फोर्कची, 48-38-28 आणि मागे 34 अशी हायब्रिड आहे, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक आहेत आणि व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखाच आहे. उचलून दुकानाच्या पायऱ्यांवर तीन वेळा चढले-उतरले. उजव्या खांद्यावर बरी बसते, डाव्या खांद्यावर साखळी कपड्यांना लागते. मूळ टायर 35 चे आहेत, परंतु मडगार्डसह 40 चे बसतील असे त्यांनी टायर चढवूनच दाखवले. एस माप बारा दिवसांत येणार आहे, आगाऊ रक्कम देऊन आले. कॅरिअर त्यांच्याकडचे घ्यावे की बाहेरून, एवढाच प्रश्न उरला आहे.

खाडीकाठ
बाहेरून घेतलेत तरी चालेल, परंतु डिस्क ब्रेकच्या सायकलीसाठी केलेलेच घ्या, कारण साध्या कॅरिअरची पट्टी कॅलिपरवर (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागावर) आपटते. स्टेनलेसचे स्क्रू मागा आणि बसवण्यापूर्वी प्रत्येकाच्या आट्यांना ग्रीस लावायला सांगा. सामानाची पिशवी एकाच बाजूला लटकवणार असाल तर ती उजवीकडे लावा, म्हणजे पाखाडी उतरताना सायकल उजव्या खांद्यावर असली तरी पिशवी अंगाला लागणार नाही.

सड्यापलीकडे
पिशवी उजवीकडेच लावीन. बारा दिवसांनी इथेच लिहीन.