प्लाझ्मा आणि पेशीबाह्य द्रव: घोळ एका कान्याचा

प्रश्न: एका परिच्छेदात प्लाझ्मा आणि एक्स्ट्रासेल्युलर फ्लुइड हे दोन्ही शब्द आले. मी रक्तद्रव आणि आंतरपेशीय द्रव असं भाषांतर केलं, तर दुसऱ्या शब्दाखाली लाल रेघ आली. मुळात रक्तद्रवही पेशींच्या बाहेरच असतो ना? मग दोन शब्द कशाला?

उत्तर: रेघ योग्यच आहे. पेशींच्या बाहेर जेवढं पाणी, ते सगळं पेशीबाह्य द्रव. त्यातलं रक्तवाहिन्यांत खेळतं तेवढंच रक्तद्रव. ७० किलोच्या माणसात पेशीबाह्य द्रव साधारण १४ लिटर, त्यात रक्तद्रव जेमतेम ३ ते ३.५. उरलेला बहुतेक पेशींमधल्या फटींत असतो, तो ऊतकद्रव. तुमचा ‘आंतरपेशीय’ खरं तर याला लागू पडतो. आंतरराष्ट्रीयमधला ‘आंतर’ दोहोंमधला, अंतर्गतमधला ‘अंतर्’ आतला. कान्याची चूक झाली की द्रव पेशीत शिरलाच! (त्यात ‘आंतरिक’ म्हणजे पुन्हा आतला. म्हणून मी ‘आंतरपेशीय’ टाळतो.)

प्रश्न: पण घटक तर सारखेच दिसतात. सोडियम दोन्हीकडे लिटरला १४० मिलिमोलच्या आसपास.

उत्तर: क्षार जवळपास सारखेच, कारण केशवाहिनीची भिंत ते अडवत नाही. अडतात ती प्रथिनं. रक्तद्रवात ती १०० मिलिलिटरला ७ ग्रॅमच्या आसपास, ऊतकद्रवात बरीच कमी. त्यातलं अल्ब्युमिन पाणी वाहिनीत धरून ठेवतं. ते फार घटलं की पाणी फटींत उतरतं, पाय सुजतात. घोट्यापाशी अंगठा दाबून उचला, खळी तशीच राहते आणि सावकाश भरते. बोटाखालून सरकलेला तो ऊतकद्रव.

आणखी एक उत्तर: सलाइनचंही तेच. शिरेतून लिटरभर दिलं तरी थोड्या वेळाने वाहिन्यांत पाव लिटरच्या आसपास उरतं, बाकीचं ऊतकद्रवात जातं. तेव्हा ‘रक्तद्रव लिटरभर वाढला’ असं लिहू नका.

प्रश्न: आणि रक्तरस? मी तो प्लाझ्मालाच वापरत आलोय.

उत्तर: तो सीरमसाठी ठेवा. रक्त गोठू न देता नळी यंत्रात फिरवली की वर पिवळसर थर येतो, तो रक्तद्रव. गोठू दिलं की गुठळीपासून सुटतो तो रक्तरस, त्यात फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) उरलेलं नसतं.

प्रश्न: म्हणजे मागची तीन प्रकरणं पुन्हा तपासायची आली. बसतो.