स्कॉटलंडच्या दुर्गम बेटावरील ‘पर्यावरणस्नेही’ आलिशान लॉज : कितपत खरे, कितपत सोयीचे?

मुलुंडकरीण

नमस्कार. पुढील वर्षी आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने आम्ही चौघांनी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडील एखाद्या लहान बेटावर आठवडाभर राहावे, असा विचार चालू आहे. संकेतस्थळांवर ज्या लॉजची छायाचित्रे दिसतात, त्यांच्या छपरांवर गवत उगवलेले असते, भिंतींत मेंढीच्या लोकरीचे अस्तर असते, अंगणात लाकडाच्या जाळावर तापणारा हॉट टब असतो, आणि भाडे मात्र लंडनमधील उत्तम हॉटेलच्या तोडीचे असते. यातील पर्यावरणस्नेही भाग खरा किती आणि जाहिरातीचा किती, हे मुंबईत बसून कसे ओळखावे? शिवाय बाबा पंचाहत्तरीचे आहेत, आई पूर्ण शाकाहारी असून तिला गुडघ्यांचा त्रास आहे. अशा मंडळींना घेऊन तिथे जाणे शहाणपणाचे ठरेल का?

दादरचा निवृत्त अभियंता

ताई, छपरावरील गवताकडे पाहू नका, विजेच्या तारेचा माग काढा. लॉजमधील वीज कोठून येते, हा पहिला प्रश्न मालकांना विचारावा. स्काय, लुईस, हॅरिस अशी मोठी बेटे मुख्य भूमीच्या वीजजाळ्याला जोडलेली आहेत. तिथला लॉज कितीही देखणा असला, तरी त्याची वीज चारचौघांसारखीच असते, आणि त्यात वावगे काही नाही. कसोटी लागते ती जाळ्याबाहेरील बेटांवर.

‘एग’ या बेटाचे उदाहरण घ्या. सुमारे शंभर वस्तीच्या या बेटाची मालकी १९९७ साली तेथील रहिवाशांच्या न्यासाने विकत घेतली. त्याआधी आणि त्यानंतरही काही वर्षे घरोघरी डिझेल जनरेटर चालत असत. २००८ साली बेटाने जलविद्युत, पवनचक्क्या आणि सौरपट्ट्या एकत्र जोडून स्वतःची वीजव्यवस्था उभी केली. ओढ्यांवर तीन जलविद्युत यंत्रे आहेत, चार लहान पवनचक्क्या आहेत, साठवणीसाठी बॅटऱ्यांचा संच आहे, आणि डिझेल केवळ अडचणीच्या वेळेपुरते राखलेले आहे. हिवाळ्यात पाऊस आणि वारा मुबलक असतो, ऊन नसते; उन्हाळ्यात ओढे आटतात तेव्हा सौरपट्ट्या हात देतात. तिन्ही स्रोत एकमेकांची उणीव भरून काढतात, आणि ही सारी रचना गावकऱ्यांच्या मालकीची आहे.

या व्यवस्थेतील मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे तिची मर्यादा. प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॅट आणि व्यवसायाला १० किलोवॅट, यापलीकडे भार गेला की पुरवठा तुटतो. ही मर्यादा श्रीमंत-गरीब सर्वांना सारखीच आहे. किटली, विजेची शेगडी आणि हेअर ड्रायर एकाच वेळी लावले, तर घराचा हिस्सा संपल्यात जमा. त्यामुळे अशा बेटावरील लॉजमालकाला थेट विचारावे की तुमचा वाटा किती, आणि खोल्या व पाणी तापवण्यासाठी वीज वापरता, लाकूड वापरता की बोटीने येणारा गॅस? जो मालक आकड्यांत उत्तर देतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा. ‘आम्ही निसर्गाशी एकरूप आहोत’ असे उत्तर आले, तर तो लॉज सोडून द्यावा.

सांडपाणी कोठे जाते, हेही विचारा. अशा ठिकाणी गटारयोजना नसते. सेप्टिक टाकी किंवा बोरूसारख्या पाणगवताचा गाळणीपट्टा असतो आणि पाणी ओढ्याचे असते. दलदलीच्या पीटमधून (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातून) आल्यामुळे ते कधी चहासारखे तांबूस दिसते. गाळून आणि अतिनील किरणांनी निर्जंतुक केलेले असेल, तर त्या रंगाने आईंनी घाबरू नये.

गिरगावकर

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु त्यात विमान राहिले. मुंबई ते लंडन हे अंतर एका बाजूने सुमारे ७,२०० किलोमीटर आहे, आणि इकॉनॉमी वर्गात जाऊन-येऊन एका प्रवाशाच्या वाट्याला साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड येतो. बिझनेस वर्गात माणसामागे जागा अधिक लागत असल्याने तो वाटा दुपटीहूनही वाढतो. चौघांच्या या हिशेबापुढे लोकरीच्या अस्तराने वाचवलेली ऊर्जा किरकोळ ठरते. म्हणून जाऊ नका, असे मी म्हणणार नाही (आयुष्यभर गिरगावात राहून मलाही दूरचे समुद्र पाहावेसे वाटतात), पण गेलात तर जास्त दिवस राहा आणि लंडनच्या पुढे विमान टाळा. लंडनच्या युस्टन स्थानकावरून रात्री निघणारी कॅलेडोनियन स्लीपर ही रात्रगाडी सकाळी स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यमला पोहोचते. तेथून मॅलेगची गाडी ग्लेनफिनन येथील २१ कमानींच्या पुलावरून जाते, आणि मॅलेगच्या धक्क्यावरून एग, रम, मक व कॅना या चारही लहान बेटांच्या बोटी सुटतात. बाहेरून येणाऱ्यांना या बेटांवर सहसा गाडी नेता येत नाही. त्यामुळे धक्क्यापासून लॉजपर्यंत आईंना कोण नेणार, हे आरक्षणाआधीच लेखी ठरवून घ्या.

व्हिसा ब्रिटनचा स्वतंत्र लागतो, युरोपातील अनेक देशांसाठी सामाईक असलेला शेंगेन व्हिसा चालत नाही.

पार्ल्याची पक्षीवेडी

जुलै-ऑगस्ट टाळा, असे मी आग्रहाने सांगेन. तेव्हा तिथे ‘मिज’ नावाच्या, चिलटाहूनही बारीक, चावऱ्या माश्यांचे थवे असतात. वारा पडला की संध्याकाळी बाहेर बसणे अशक्य होते, मग त्या महागड्या हॉट टबचा उपयोग काय? मे महिना आणि जूनचा आरंभ सर्वांत चांगला, कारण तेव्हा ऊन बरे असते, माश्या कमी असतात आणि जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो. याच काळात लुंगा बेटाच्या कड्यांवर पफिन पक्षी घरटी करतात. ऑगस्ट उजाडेपर्यंत ते बहुतेक समुद्रावर निघून गेलेले असतात. मल बेटावरून तिथे बोटी जातात, परंतु उतरताना ओल्या खडकांवरून चालावे लागते. आईंच्या गुडघ्यांचा विचार करता त्यांनी लॉजच्या खिडकीतूनच समुद्र पाहावा, हे बरे.

बोटींबाबत एक गोष्ट मनाशी पक्की असू द्या. आपल्याकडे गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात हे सर्वांना आधीपासून ठाऊक असते. तिथे मात्र वारा वाढला की त्याच सकाळी फेरी रद्द होते. मुंबईचे परतीचे विमान बेट सोडल्यानंतर किमान दोन दिवसांनी ठेवा.

मुलुंडकरीण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मे महिना निश्चित करते. जेवण आणि डॉक्टर यांबद्दल कोणी सांगू शकेल का?

गिरगावकर

स्वयंपाकघर असलेला लॉजच घ्या. बेटावरील दुकानाचा माल बोटीने येतो, त्यामुळे डाळ, पोहे, गोडा मसाला इथूनच न्यावा आणि भाजी ग्लासगो किंवा फोर्ट विल्यमला भरून घ्यावी. दूध-दही, पनीर, तूप भारतातून नेण्यास ब्रिटनमध्ये मनाई आहे. लॉजचा आचारी जेवण देणार असेल, तर ‘मासे व अंडीही चालत नाहीत’ असे स्पष्ट लिहून कळवा. शाकाहारी म्हटल्यावर अंडे चालते, असेच तिकडे गृहीत धरतात.

अशा लहान बेटांवर डॉक्टर कायम राहत नाहीत, एगला ते स्कायहून ठरावीक दिवशी येतात. गंभीर प्रसंगी हेलिकॉप्टरने मुख्य भूमीवर नेतात. बाबांची औषधे मुक्कामाच्या दुप्पट दिवसांची न्यावीत, आणि आधीपासूनच्या आजारांचा समावेश असलेला प्रवासविमा घ्यावा.

आणखी एक. अनेक लॉजचा आठवडा शनिवार ते शनिवार असतो, आणि शनिवारी रात्री स्लीपर सुटत नाही. जाताना शुक्रवारची रात्रगाडी साधेल. येताना मात्र एक रात्र फोर्ट विल्यममध्ये काढून रविवारची गाडी धरावी लागेल.

मुलुंडकरीण

हे फार कामाचे सांगितलेत. दोन लॉजना आजच विजेचा, सांडपाण्याचा आणि धक्क्यावरील वाहनाचा प्रश्न विचारून पत्र पाठवते, आणि उत्तरे आली की इथे जशीच्या तशी टाकते. अभियंता काकांनी आकडे तपासून द्यावेत, ही विनंती.