मदत हवी आहे: फेरेटचं कॉमिक काढतेय, सगळ्यांना मुंगूस दिसतंय!

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त काही वर्षं इंग्लंडात, लीड्सला होते. तिथे फेरेट (तिकडे घरात पाळतात तो लांबुळका, छोटा प्राणी) पाळला होता, बंड्या. सोलापूरला परतताना त्याला तिथल्याच मैत्रिणीकडे ठेवलं. पारा ३०च्या वर गेला की या प्राण्याला उष्माघाताची भीती, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४० म्हणजे 'आज जरा बरंय'. आता त्याच्यावर चार-चार चौकटींची कॉमिक्स काढतेय, कागदावर, काळ्या शाईत.

ज्याला दाखवावं तो म्हणतो, "मुंगूस झकास आलंय." चुलतभावाने तर "साप कुठाय?" असंही विचारलं. लांबुळकं अंग, आखूड पाय, तेवढं मान्य. पण फेरेट पाणमांजराच्या कुळातला. मुंगसाचं कुळच वेगळं. शेपूटही मुंगसापेक्षा बरीच आखूड. बंड्याच्या डोळ्यांभोवती काळपट पट्टा होता, तो शाईने भरला की गडी थेट दरोडेखोर दिसतो. (होताच म्हणा. मोजे, रिमोट, सगळं सोफ्याखाली. एकदा शेंगा चटणीचं पाकीट दातांत धरून उलट्या पावली ओढत नेलं. स्वतः पक्का मांसाहारी, चटणीचं करणार काय? आई व्हिडिओ कॉलवर ओरडतेय, "अगं, तिखट लागंल की त्याला!")

चटणीची आणि चादरीची कॉमिक-पट्टी जमली. चादरीच्या पट्टीत तो दिसतच नाही, सोलापुरी चादरीखाली नुसता उंचवटा फिरतो. टॉवेल मात्र त्याला कधी दिला नाही, त्याच्या धाग्यांच्या बारीक फासांत नखं अडकतात.

घोडं अडलंय नाचापाशी. खूश झाला की पाठीची कमान करून, तोंड उघडं टाकून आडवा-तिडवा उड्या मारायचा, सोफ्यावर आपटायचा, की परत सुरू. कागदावर हेच पिसाळल्यासारखं दिसतं.

तर जाणकारांनो,
डोळ्यांचा पट्टा ठिपक्यांनी भरू की बारीक रेषांनी? नाच एकाच चौकटीत तीन-चार बंड्या काढून दाखवावा, की चारही चौकटी त्यालाच द्याव्यात? 'हा फेरेट आहे' अशी पाटी पहिल्या चौकटीत लावायचा सल्ला कृपया नको, विनोद तिथेच मरतो.

आणि सोलापूरकरांसाठी: ए-थ्री कागद नीट स्कॅन करून देणारं कुणी माहीत आहे का? झेरॉक्सवाल्याकडे बारीक रेषा पार उडतात. सात रस्ता, नवी पेठ, कुठेही चालेल.

नाचाचं कच्चं पान खाली जोडलंय. बिनधास्त फाडा.