कथानक, संविधानक, पात्र, व्यक्तिरेखा : अर्थ आणि वापर

प्रश्न : दादरच्या आमच्या वाचकगटात एका कादंबरीविषयी बोलताना कोणी ‘कथानक’ क्षीण असल्याचे म्हटले, कोणी ‘संविधानक’ सैल असल्याचे, ‘पात्र’ आणि ‘व्यक्तिरेखा’ तर सगळेच आलटून-पालटून वापरत होते. या शब्दांत खरोखर भेद आहे का? घटना महत्त्वाच्या की माणसे, या वादात त्याचा काही उपयोग होतो का?

उत्तर : भेद आहे, पण बोलण्यात तो पुसट झाला आहे. कथानक म्हणजे काय काय घडले ते. संविधानक म्हणजे लेखकाने त्याची केलेली जुळणी. डोंबिवलीला रोजची लोकल चुकली, कचेरीत उशीर झाला आणि नोकरी गेली, हे कथानक. नोकरी गेल्यापासून आरंभ करून लोकलचा प्रसंग शेवटी उघड केला, तर कथानक तेच राहते आणि संविधानक बदलते.

आता त्याच वाक्यातले क्रियापद बदलून पाहावे. ‘गाडी चुकली’ यात घटना माणसावर येऊन आदळते. ‘गाडी सोडली’ असे लिहिले की ती का सोडली हा प्रश्न उभा राहतो आणि वाचक घटनेकडून माणसाकडे वळतो. चुकलेल्या गाडीमागे धावणारा मला ‘पात्र’ वाटतो, सोडणारा ‘व्यक्तिरेखा’. पात्र म्हणजे मुळात भांडे, ज्यात कथा ओतली जाते ते. व्यक्तिरेखेत मात्र रेखाटन आहे, म्हणजे त्या एका माणसाकडे निरखून पाहिलेले आहे. माझा कल अर्थातच व्यक्तिरेखेकडे आहे. संस्कृत नाट्यविचारात मात्र हा झगडा इतका सरळ नाही. ‘नाट्यशास्त्रा’त इतिवृत्ताला, म्हणजे कथावस्तूला, नाट्याचे शरीर म्हटले आहे, तर ‘दशरूपक’ या नाट्यविषयक ग्रंथात रूपकाचे, म्हणजे नाटकाचे, प्रकार वस्तू (कथावस्तू), नेता आणि रस या तिन्हींवरून ठरतात, त्यातला ‘नेता’ आणि आपला ‘नायक’ हे दोन्ही ‘नी’ या धातूपासून आलेले, म्हणजे वस्तूला फळापर्यंत नेणारे.

आक्षेप : आपण ‘पात्र’ला फारच निष्क्रिय ठरवलेत. नदीलाही पात्र असते. मिठी नदीचे पात्र अरुंद झाले तेव्हा पाणी कुठून कुठे शिरले, हे २६ जुलै २००५ला कुर्ल्याने पाहिले आहे. प्रवाहाला वळण देणारे पात्रच असते.

उत्तर : नदीचा अर्थ माझ्याकडून सुटला होता, हे मान्य. शिवाय रंगभूमीवर ‘पात्र’च रूढ आहे, नाटकाच्या पुस्तकात ‘पात्रपरिचय’ असतो, ‘व्यक्तिरेखापरिचय’ कोणी छापत नाही. तेव्हा नाटकाविषयी बोलताना ‘पात्र’ निःशंकपणे वापरावे. कादंबरीविषयी बोलताना मात्र, जो केवळ दार उघडून निरोप देतो आणि पुन्हा दिसत नाही, त्याला मी तरी व्यक्तिरेखा म्हणणार नाही.