माडीच्या गिलाव्याआधी उत्तर हवे: केबल ओढूनही वेग ९४ वरच अडतो

पेठेतली माडी: शिवाजी पेठेतील आमच्या जुन्या घरावर यंदा माडी चढवली. खालच्या सोप्यात राउटर आहे आणि त्याचे वायफाय स्लॅब ओलांडून वर नीट पोहोचत नाही, म्हणून वायरमनकडून भिंतीतल्या पाइपमधून केबल ओढून घेतली. इंटरनेटची योजना ३०० एमबीपीएसची असूनही वरच्या खोलीत लॅपटॉप केबलने जोडल्यावर वेग ९४ च्या पुढे जात नाही. शनिवारी गवंडी गिलाव्याला येणार आहेत आणि त्यानंतर भिंतीला हात लावता येणार नाही. ही केबल काढून कॅट ६ टाकावी की तिच्या वरच्या प्रतीची कॅट ६ए, एवढेच कृपया सांगावे. वायफाय पुढे ढकलणारा एक्स्टेंडर कोणी सुचवू नये, तो वापरून कंटाळलो आहे.

रंकाळ्याचा वारा: सध्या भिंतीत कोणती केबल आहे, तिची लांबी किती, राउटरचे पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएस, म्हणजे १ जीबीपीएसचे) आहेत की १०० चे, आणि तोच लॅपटॉप खाली थेट राउटरला जोडल्यावर किती वेग मिळतो, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

पुढची वीस वर्षे: कॅट ६ए घ्या आणि विषय संपवा. कॅट ६ वर १० जीबीपीएस साधारण ५५ मीटरपर्यंतच जाते, तर ६ए वर पूर्ण १०० मीटर. भिंत एकदाच बंद होते, तेव्हा काटकसर दुसरीकडे करावी.

पक्कड आणि टेस्टर: माडीवर जाणारी केबल फार तर २०-२५ मीटर असेल, मग ५५ मीटरची मर्यादा या घरात आडवी येते कुठे? ६ए जाड आणि ताठ असते. घरगुती पाइपच्या वळणांतून ती ओढताना वायरमन जोर लावतो आणि आतल्या तारांच्या जोड्यांचा पीळ बिघडतो. मुळात १ जीबीपीएससाठी कॅट ५ईसुद्धा १०० मीटरपर्यंत पुरते. त्यामुळे केबलची जात बदलून ९४ चे ३०० होणार नाहीत. हा ९४ चा आकडा बोलका आहे: १०० एमबीपीएसच्या जोडणीतून प्रत्यक्ष हाती तेवढेच लागते. कोठेतरी जोडणीच १०० वर उतरली आहे.

जाळीदार: आपण एक्स्टेंडर नको म्हणालात, मेश (एकमेकांशी जोडलेले वायफायचे डबे) नको असे म्हणालेला नाहीत. दोन डबे ठेवा, भिंत फोडण्याची गरजच राहणार नाही.

पक्कड आणि टेस्टर: मेशच्या वरच्या डब्यालाही सिग्नल त्याच स्लॅबमधून यावा लागतो. त्याच्या मागे केबल जोडली तरच तो धड चालतो, म्हणजे आपण पुन्हा केबलपाशीच आलो.

पेठेतली माडी: प्रश्न एका ओळीचा होता. तरीही सांगतो: केबलवर कॅट ६ असे छापलेले आहे, राउटर गिगाबिट आहे आणि खाली थेट जोडल्यावर २९० मिळतात. आता ६ की ६ए?

रंकाळ्याचा वारा: मग दोष बहुधा केबलच्या दोन टोकांत आहे. १०० च्या जोडणीला आठपैकी चारच तारा लागतात, पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. गिगाबिटला मात्र चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. उरलेल्या चारपैकी एक तार जरी तुटली किंवा जॅकमध्ये नीट बसली नाही, तरी बहुतेक उपकरणे तक्रार न करता १०० वर उतरतात, आणि इंटरनेट चालू असल्यामुळे घरातल्या कोणाला शंका येत नाही. भिंतीतला आयओ, म्हणजे केबलचा सॉकेट, उघडून किती तारा लावल्या आहेत ते मोजा. त्याच वेळी एक तार ब्लेडने हलकेच खरवडून पाहा. आतून पांढुरकी निघाली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे, आणि वर काहीही छापले असले तरी ती भिंतीत गाडू नये.

वळवाचा मारा: केबल गच्चीवरून किंवा दोन इमारतींमधून उघड्यावर नेऊ नका. मागच्या वळवात आमच्याकडे वीज जवळच पडली आणि शेजारच्या घरातून ओढलेल्या केबलने दोन्हीकडचे पोर्ट जाळले. तेथे आता फायबर घातली आहे. काचेतून वीज वाहत नाही.

पेठेतली माडी: आमची केबल घराच्या आतच आहे. आयओ उघडला. तार तांब्याची आहे, परंतु नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या लावल्या आहेत. निळी आणि तपकिरी जोडी मागून शेजारच्या खोलीत टीव्हीच्या पॉइंटला गेली आहे. खालीही त्याच केबलला दोन जॅक मारून ते राउटरच्या दोन पोर्टांत घातले आहेत. खोल्या दोन असल्यामुळे पॉइंटही दोन असणार, हे वेगळे सांगण्यासारखे वाटले नव्हते.

रंकाळ्याचा वारा: सांगण्यासारखे तेवढेच होते.

पुढची वीस वर्षे: ही सरळ फसवणूक आहे. पैसे दोन पॉइंटचे घेतले असतील आणि केबल एकच टाकली.

पक्कड आणि टेस्टर: फसवणूक म्हणण्याची घाई करू नये. १०० एमबीपीएसच्या काळात एका केबलचे दोन पॉइंट करणे सर्रास चालत असे, आणि टीव्ही लावल्यावर तो सुरळीत चालतो म्हणून चूक झाकलीही जाते, कारण अनेक टीव्हींचा पोर्ट आजही १०० चाच असतो. आता मार्ग दोन आहेत. आठही तारा एकाच आयओत लावून वर पाच पोर्टचा गिगाबिट स्विच (एका केबलवर अनेक उपकरणे जोडणारा डबा) ठेवावा. यात भिंतीला हात लागत नाही, पण टीव्हीची वायर फरशीवरून न्यावी लागेल. गिलावा व्हायचा असल्याने मी दुसरा सुचवीन: जुन्या केबलच्या टोकाला दोन नव्या केबल आणि एक नायलॉनची दोरी घट्ट बांधून जुनी केबल खालून ओढून घ्यावी. पाइप किती जाडीचा आहे, आणि त्यातच लाइटच्या वायरी आहेत का?

पेठेतली माडी: पाइप २५ मिलिमीटरचा आहे. लाइटचा पाइप वेगळा आहे, पण भिंतीत पाइपसाठी कोरलेली झिरी एकच आहे.

पक्कड आणि टेस्टर: पाइप वेगळे आहेत हे महत्त्वाचे. एकाच पाइपमध्ये लाइटची वायर सोलली गेली, तर वीज थेट राउटरपर्यंत येऊ शकते. तेवढ्या अंतरात शेजारून गेल्याने वेगावर फरक जाणवणार नाही, तरी झिरी उघडी आहे तोवर चार बोटे अंतर करता आले तर करून घ्यावे.

पेठेतली माडी: वायरमन शुक्रवारी सकाळी येऊन गेले. स्वतःहून काही न बोलता त्यांनी जुनी केबल सोडवली. दोन नव्या कॅट ६ केबल जिन्याच्या कोपऱ्यावर अडकल्या, कारण तेथे काटकोनी एल्बो बसवला होता. तो कापून लांब वळणाचा बेंड घातल्यावर त्या सरकल्या. दोन्ही आयओंत आठही तारा बसवल्या, लॅपटॉप आता १ जीबीपीएसची जोडणी दाखवतो आणि वेग २९१ मिळाला. दोरी पाइपमध्येच ठेवली आहे.

पुढची वीस वर्षे: दोरी ठेवली आहे, म्हणजे ६ए साठी वाट मोकळी आहे.

पेठेतली माडी: त्या पाइपमध्ये आता दोरीपुरतीच जागा उरली आहे.